आठवड्याची सुई, रोजची गोळी

१८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. बाईचा चेहरा सुजट झाला होता, बोलणं-चालणं जड झालं होतं, थंडी सोसत नव्हती. या दुखण्याला तेव्हा मिक्सिडीमा म्हणत आणि त्याला उतारा नव्हता. मरेच्या टोचण्यांनी काही महिन्यांत ती हिंडू-फिरू लागली. पुढे ती २८ वर्षं जगली. १९१९ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी ती गेली, तेव्हा मरेने हिशेब मांडला. तिच्या औषधासाठी एकूण ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

टोचण्याऐवजी ग्रंथी खायला दिली तरी तोच गुण येतो, हे १८९२ मध्येच डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि सुई मागे पडली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतलं मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, स्फटिकांच्या रूपात वेगळं काढलं. १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. आज घरोघरी सकाळी अनशापोटी घेतली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची बारीक गोळी ही त्याच संशोधनाची वारस आहे.

या औषधाच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. सुजलेले रुग्ण ग्रंथीच्या अर्काने सडसडीत होतात हे दिसल्यावर, थायरॉइडचा काहीही विकार नसलेल्या स्थूल माणसांनाही तो दिला जाऊ लागला. १९६० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवणारी खास दुकानदारी उभी राहिली. तिथे रंगीबेरंगी गोळ्यांच्या पुड्या मिळत. त्यांत भूक मारणारं ॲम्फेटामाइन, थायरॉइडचा अर्क, लघवी वाढवणारी औषधं आणि हृदयावर काम करणारं डिजिटॅलिस अशी सरमिसळ असे. १९६८ च्या जानेवारीत ‘लाइफ’ मासिकाने हा प्रकार उघडकीला आणला. सुझॅना मॅकबी ही त्यांची वार्ताहर मुळात जाड नव्हतीच, तरी वेगवेगळ्या डॉक्टरांकडून तिला शेकड्यांनी गोळ्या मिळाल्या. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये या धंद्याची सुनावणी झाली. लेव्होथायरॉक्सिनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापलेला असतो, तो याच धड्यातून आलेला आहे : हे औषध वजन उतरवण्यासाठी वापरू नये, मोठ्या मात्रेत ते जिवावर बेतू शकतं.

आता वजन उतरवणारी खरीखुरी परिणामकारक इंजेक्शनं आली आहेत. ती घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या फडताळात थायरॉइडची बाटली आधीपासूनच आहे. ही दोन औषधं एका शरीरात नांदू शकतात. त्यासाठी त्यांची गाठ कुठे कुठे पडते, हे मात्र नीट माहीत असायला हवं.

दोन बाटल्या एका घरात

भारतातल्या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांच्या रक्ततपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्या आठांत मुंबई आणि गोवाही होते. सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइडचं काम मंदावलेलं आढळलं, आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे प्रमाण जास्त होतं. ‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य आपल्याकडे हळदीकुंकवापासून ऑफिसच्या डब्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, ते उगाच नाही.

दुसरी बाटली, म्हणजे वजन उतरवणारं इंजेक्शन, नवीन आहे. टिर्झेपाटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. ती संपली की भारतीय कंपन्यांना स्वस्त पर्याय बनवण्याची वाट मोकळी होते, त्यामुळे हे औषध आता मोजक्या श्रीमंतांपुरतं राहणार नाही.

या औषधांचा परिणाम आकड्यांत पाहण्याजोगा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जणांचा समावेश होता. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं, नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्क्यांनी. २०२२ साली टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के घट दाखवली. नव्वद किलोच्या माणसाचे अठरा-एकोणीस किलो गेले, असा याचा अर्थ. शरीर एवढं बदलतं तेव्हा जुन्या शरीराच्या मापाने लिहिलेल्या चिठ्ठ्याही पुन्हा वाचाव्या लागतात.

मिठाच्या कणाएवढं औषध

थायरॉइडच्या गोळीवर २५, ५०, ७५, १०० असे आकडे असतात. हे मायक्रोग्रॅम आहेत. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. म्हणजे १०० च्या गोळीत खरं औषध मिठाच्या दीड-दोन कणांएवढंच. बाकी सगळा भराव. एवढ्याशा द्रव्यावर हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, हाडांची झीज, मनाचा उत्साह आणि अंगातली ऊब चालते. म्हणूनच बाजारात ८८, ११२, १३७ अशा विचित्र वाटणाऱ्या आकड्यांच्याही गोळ्या मिळतात. डॉक्टरांच्या भाषेत हे ‘अरुंद खिडकीचं’ औषध आहे. जरासं कमी पडलं तर उपयोग नाही, जरासं जास्त झालं तर अपाय.

गोळीची मात्रा बरोबर आहे की नाही, हे टीएसएच नावाच्या तपासणीवरून कळतं. या आकड्याबद्दल घराघरांत गोंधळ आहे, कारण तो उलटा चालतो. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. कामावरची माणसं ढिली पडली की मुकादम आवाज चढवतो, तसं रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की टीएसएच वाढतो. थायरॉक्सिन जास्त झालं की मुकादम गप्प बसतो आणि टीएसएच खाली जातो. ‘माझा थायरॉइड कमी झालाय’ असं म्हणत कोणी अगदी खाली गेलेला टीएसएच दाखवला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ गोळी जास्त होतेय असा असतो.

आता इंजेक्शनाकडे पाहू. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं. ते इन्सुलिनला चालना देतं, मेंदूला पोट भरल्याची वर्दी देतं आणि जठरातलं अन्न पुढे ढकलण्याचा वेग कमी करतं. मात्र नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोन-तीन मिनिटांत विरतं. अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच, पण जास्त टिकणारं द्रव्य जॉन एंग या संशोधकाला सापडलं. त्यावर आधारलेलं पहिलं औषध २००५ मध्ये बाजारात आलं. सेमाग्लुटाइड त्याच्याही पुढचं आहे. ते शरीरात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून सुई आठवड्यातून एकदाच. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ च्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. योगायोग असा की थायरॉक्सिनलाही निम्मं व्हायला सुमारे आठवडाच लागतो. त्यामुळे एखाद्या दिवशी उलटी होऊन थायरॉइडची गोळी पडली तरी लगेच काही बिघडत नाही. हेच आठवडाभर चाललं तर मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवं.

अनशापोटीची गर्दी

पहिली गाठ पडते ती जठरात. थायरॉक्सिनची गोळी जठरातल्या आम्लात विरघळते आणि लहान आतड्यात शोषली जाते. इंजेक्शनामुळे जठर सावकाश रिकामं होतं. मग गोळीचं काय होतं?

इथे घाबरून जायचं कारण नाही. उशिरा पोचणं म्हणजे कमी पोचणं नव्हे. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाबरोबर मेटफॉर्मिन, वॉरफरिन, डिगॉक्सिन, ॲटोर्व्हास्टॅटिन ही औषधं तपासली गेली, तेव्हा उपचारावर परिणाम होईल असा फरक आढळला नाही. टिर्झेपाटाइडमध्ये जठर मंदावण्याचा परिणाम पहिल्या मात्रेनंतर सर्वांत जास्त असतो आणि पुढे ओसरत जातो. तरीही अरुंद खिडकीच्या औषधांवर लक्ष ठेवा, असं त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेलं आहे. थायरॉक्सिन त्याच गटातलं आहे.

सेमाग्लुटाइडची गोळी मात्र वेगळी गोष्ट आहे. ‘रायबेल्सस’ या नावाने मिळणारी ही गोळी मधुमेहासाठी दिली जाते आणि इंजेक्शनाला घाबरणारे तिच्याकडे वळतात. या गोळीबरोबर ६०० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिनची एकच मात्रा देऊन प्रयोग केला गेला, तेव्हा रक्तात पोचलेलं एकूण थायरॉक्सिन ३३ टक्क्यांनी वाढलं. म्हणून थायरॉइडच्या तपासण्या करत राहाव्यात असं तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय तिचे नियम कडक आहेत : अनशापोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही, दुसरी गोळी नाही. थायरॉइडच्या गोळीलाही अनशापोटीच हवं. दोघींना एकाच घोटाबरोबर गिळणं हा यावरचा मार्ग नाही. सेमाग्लुटाइड आधी, अर्ध्या तासाने थायरॉइड आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने चहा, असा क्रम लावता येतो. थायरॉइडची गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेणं हाही मान्य पर्याय आहे. फक्त इंजेक्शन घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. त्याचं जठर मंद चालतं आहे, त्यामुळे नऊला भरपेट जेवून बाराला पोट रिकामं झालं असेल असं नाही. रात्रीची वेळ निवडायची तर जेवण लवकर आणि हलकं हवं, आणि कोणतीही एक वेळ धरली की तीच पाळायची.

दुसरी गाठ स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडते, आणि प्रत्यक्षात त्रास देते ती हीच. सकाळी सहाची वेळ घ्या. गॅसवर चहाचं आधण आहे. ओट्यावर थायरॉइडची बाटली, तिच्या शेजारी पित्ताच्या गोळीची पट्टी. तीही अनशापोटीच घ्यायची असते. मग इसबगोलचा डबा, लोहाच्या कॅप्सूल, कॅल्शियमच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिन, प्रथिनांच्या पावडरचा डबा आणि केसांसाठी आणलेलं बायोटिन. यांतल्या अर्ध्या वस्तू इंजेक्शनाच्या मागून घरात आलेल्या असतात. वेगोव्हीच्या चाचण्यांत ४४ टक्के लोकांना मळमळ झाली, २४ टक्क्यांना बद्धकोष्ठ. मळमळ आणि आंबट ढेकर आले म्हणून पित्ताची गोळी सुरू होते. पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल. खाणं कमी झालं म्हणून लोह आणि कॅल्शियम. स्नायू झडू नयेत म्हणून पावडर.

ही प्रत्येक वस्तू आपल्या जागी योग्य असू शकते. थायरॉइडच्या गोळीला मात्र यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू अडवते. लोह आणि कॅल्शियम तिला बांधून ठेवतात, त्यांच्यात आणि तिच्यात चार तासांचं अंतर हवं. इसबगोलसारखा चोथा आणि सोयाबीनची प्रथिनं शोषण कमी करतात. पित्ताची गोळी जठरातलं आम्लच कमी करते आणि आम्लाशिवाय थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. कडक कॉफीनेही शोषण घटतं, हे इटलीतल्या डॉक्टरांनी आपल्या एस्प्रेसो पिणाऱ्या रुग्णांत दाखवून दिलं. त्यामुळे इंजेक्शन सुरू केल्यावर टीएसएच चढला, तर दोष इंजेक्शनावर ढकलण्याआधी ओट्यावरची ही रांग तपासावी. थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर पहिली, बाकीच्या मंडळींना दुपार किंवा संध्याकाळ. एवढ्या एका बदलाने अनेकांचे रिपोर्ट ताळ्यावर येतात.

काटा उतरतो तेव्हा

तिसरी गाठ सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी.

थायरॉइड पूर्ण निकामी झालेल्या किंवा शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागतं. नव्वद किलोला १४४ मायक्रोग्रॅम. तोच माणूस बहात्तर किलोचा झाला की हिशेब ११५ वर येतो. प्रत्यक्षात गरज इतक्या सरळ रेषेत उतरत नाही, कारण ती चरबीपेक्षा स्नायू आणि इतर चरबीविरहित भागावर जास्त अवलंबून असते. पण दिशा तीच. वजन उतरवणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर थायरॉक्सिनची मात्रा कमी करावी लागते, हा अनुभव जुना आहे. आता इंजेक्शनांच्या रुग्णांतही तोच दिसू लागला आहे.

गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली तर काय होतं? छातीत धडधड, हाताला बारीक कंप, घाम, झोप उडणं, चिडचिड, शौचाला वारंवार जावं लागणं. आणि वजन उतरणं. नेमका इथेच धोका लपतो. वजन उतरतंय याचा घरात आनंद असतो, सगळं श्रेय इंजेक्शनाला जातं. त्यातले दोन-तीन किलो वाढीव थायरॉक्सिन ओरबाडून नेत असेल, तर ते वजनाच्या काट्याला कळत नाही. काटा किलो मोजतो, कारण सांगत नाही. १९६८ च्या रंगीत पुड्यांमध्ये जाणूनबुजून जे केलं जात होतं, ते इथे नकळत, भल्या हेतूने आणि डॉक्टरांच्याच चिठ्ठीवर घडू शकतं.

थायरॉक्सिन दीर्घकाळ जास्त झालं तर एट्रियल फिब्रिलेशन नावाचा हृदयाचा लयबिघाड होऊ शकतो आणि हाडं ठिसूळ होतात. पाळी गेलेल्या बायका, साठी ओलांडलेली माणसं, हृदयविकाराचे रुग्ण आणि थायरॉइड पूर्ण काढलेले रुग्ण यांनी म्हणून जास्त जपायला हवं. लक्षणांवर विसंबूनही चालत नाही. सेमाग्लुटाइड स्वतःच नाडीचे ठोके मिनिटाला एक ते चारने वाढवू शकतं. थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठ ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणं इंजेक्शनामुळेही दिसतात. धडधड इंजेक्शनाची की गोळीची, केस कशाने गेले, हे अंदाजाने ठरवता येत नाही. रक्त तपासल्यावरच उत्तर मिळतं.

काहींच्या बाबतीत गोष्ट आणखी वेगळी असते. लठ्ठपणामुळेच टीएसएच थोडा वर चढलेला असू शकतो आणि वजन उतरल्यावर तो आपोआप खाली येतो. किंचित चढलेल्या टीएसएचसाठी कधीकाळी गोळी सुरू झालेल्या एखाद्या रुग्णाला, वजन उतरल्यावर ती कमीच लागते किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही करता येते. स्वतःहून बंद मात्र करायची नाही.

दोन कॅलेंडरं

इंजेक्शनाची मात्रा महिन्याच्या पायऱ्यांनी चढते. वेगोव्हीची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते आणि दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. टिर्झेपाटाइड २.५ पासून १५ पर्यंत जातं. थायरॉइडचं कॅलेंडर संथ असतं. गोळीत किंवा गरजेत बदल झाला की टीएसएच नव्या पातळीवर स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून दर महिन्याला तपासणी करून हाती काही लागत नाही आणि वर्षातून एकदा करून भागत नाही. पहिल्या इंजेक्शनाआधी एकदा, त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी, पुढे वजन साधारण दहा टक्क्यांनी उतरलं की पुन्हा, आणि वजन स्थिरावल्यावर आणखी एकदा, असा क्रम समंजस ठरतो. टीएसएचबरोबर फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, पाहिलं तर चित्र अधिक स्वच्छ होतं. मधेच धडधड सुरू झाली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

तपासणीच्या आधी बायोटिनचा सोक्षमोक्ष लावायला हवा. वेगोव्हीच्या चाचण्यांत ३ टक्के लोकांचे केस गळाले, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १ टक्क्याचे. झपाट्याने वजन उतरल्यावर हे होतं आणि बहुतेकदा भरून येतं. पण कंगव्यात केस दिसले की बायोटिनची बाटली घरात येते. अनेक प्रयोगशाळांच्या तपासणी-पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं तर यंत्र फसतं आणि टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटं जास्त दाखवतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. अशा खोट्या रिपोर्टवरून चांगली लागू पडलेली गोळी कमी केली जाऊ शकते. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं आणि ते घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

कर्करोगाची भीती

‘ज्यांना थायरॉइड आहे त्यांनी ही इंजेक्शनं घ्यायची नाहीत, कॅन्सर होतो’ असं सर्रास ऐकू येतं. या समजामागे एक खरी गोष्ट आहे. या औषधांनी उंदरांच्या थायरॉइडमधल्या सी-पेशींमध्ये गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेतल्या माहितीपत्रकांवर चौकटीतला इशारा आहे. स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर हे औषध घ्यायचं नाही. हा नियम पक्का आहे.

पण सी-पेशी थायरॉक्सिन बनवत नाहीत. त्या कॅल्सिटोनिन बनवतात, आणि मेड्युलरी कर्करोग हा थायरॉइडच्या कर्करोगांतला विरळ प्रकार आहे. थायरॉइड मंदावणं, हाशिमोटो हा त्याचा नेहमीचा कारणीभूत विकार आणि रोजची गोळी यांचा या इशाऱ्याशी संबंध नाही. २०२३ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासाने थायरॉइड कर्करोग वाढत असल्याची शंका व्यक्त केली. युरोपीय औषध नियामक संस्थेच्या समितीने त्याच वर्षी उपलब्ध पुरावे तपासून, कार्यकारणसंबंध दिसत नसल्याचा निष्कर्ष काढला. २०२४ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन इथल्या सुमारे १ लाख ४५ हजार रुग्णांच्या नोंदींतही धोका लक्षणीय वाढल्याचं आढळलं नाही. म्हणून डॉक्टर ‘घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, आणि कोणत्या प्रकारचा’ असं विचारतात तेव्हा उत्तर नीट आठवून, जुने कागद शोधून द्यायला हवं. त्या एका उत्तरावर निर्णय फिरतो. मानेत गाठ लागत असेल, आवाज बसलेला राहत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर तेही आधीच सांगायचं.

पाळणा आणि परतीचं वजन

मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी या दोन औषधांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. थायरॉइडची गोळी गर्भारपणात कधीच थांबवायची नसते. उलट सुरुवातीच्या आठवड्यांपासूनच तिची गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, कारण बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी परत येते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. त्यातच टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक मात्रावाढीनंतरचे चार आठवडे दुसरं साधन वापरण्याचा सल्ला दिलेला आहे. पाळी चुकली तर त्याच दिवशी तपासणी करावी आणि दोन्ही औषधांबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावं.

इंजेक्शन थांबवल्यावर काय होतं, हेही आधीच समजून घेतलेलं बरं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, असं पाहणीत दिसलं. वजन उतरताना गोळी कमी केली असेल, तर ते परत चढताना ती पुन्हा अपुरी पडू शकते. मग थकवा येतो, अंग जड होतं, आणि दोष सगळा इंजेक्शन सोडण्यावर जातो. खर्च परवडला नाही म्हणून इंजेक्शन सोडलेले रुग्ण डॉक्टरांकडे परतही येत नाहीत, आणि त्यांची कमी केलेली गोळी तशीच चालू राहते. इंजेक्शन बंद केल्यावरही सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करायचा, हे तेव्हाच लिहून ठेवावं.

आपल्याकडे बहुतेकदा इंजेक्शन एका डॉक्टरांचं असतं आणि थायरॉइडची गोळी दुसऱ्यांची. ती कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी सुरू केलेली असते आणि औषधवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवरच येत राहते. या दोघांत निरोप पोचवणारा माणूस एकच, तो म्हणजे स्वतः रुग्ण. त्याने दोन्ही ठिकाणी दोन्ही औषधांची नावं आणि मात्रा सांगाव्यात. इसबगोल, कॅल्शियम, बायोटिनसारख्या ‘औषध नसलेल्या’ वस्तूही त्या यादीत असाव्यात. गोळीची मात्रा स्वतःच्या मनाने अर्धी करू नये आणि वजन लवकर उतरावं म्हणून दुप्पट तर कधीच करू नये. इंजेक्शनानंतर पोटात असह्य, न थांबणारी कळ आली, उलट्या थांबेनात, किंवा छातीचे ठोके अनियमित पडू लागले, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता रुग्णालय गाठावं.

आणि सुरुवात अशी करावी. पहिली सुई टोचून घेण्याआधी टीएसएच आणि फ्री टी-४ तपासून घ्यावं, त्या रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या दिवशीचं वजन आणि थायरॉइडच्या गोळीचा आकडा लिहावा, आणि तो कागद इंजेक्शनाच्या खोक्याजवळ ठेवावा. वजन त्या आकड्याच्या दहा टक्के खाली आलं की पुढची तपासणी करायची वेळ झाली.